सेक्टर ६७ मधील सूर्यमाला

शाळेच्या पुस्तकात सूर्यमालेचे चित्र असते. डावीकडे सूर्याचा तांबूस काठ, आणि त्याच्या शेजारी पंगतीस बसलेल्या पाहुण्यांप्रमाणे खांद्याला खांदा लावून आठ ग्रह. हे चित्र पाहून मुले ग्रहांचा क्रम बिनचूक सांगू लागतात. परंतु अंतरांविषयी जी समजूत त्या वयात मनात रुजते, ती बहुधा जन्मभर चुकीचीच राहते. यात चित्रकाराचा दोष नाही. वीस सेंटिमीटर रुंदीच्या पानावर सूर्यापासून नेपच्यूनपर्यंतचे अंतर खऱ्या प्रमाणात बसवावयाचे, तर खुद्द सूर्यच मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्शाएवढा काढावा लागेल. मग पृथ्वी कोणत्या छापखान्याने छापावी?

तेव्हा पान सोडून रस्त्यावर यावे, हे बरे. मात्र रस्ता लांब आणि सरळ हवा. कोकणातल्या एखाद्या वाडीत तसा रस्ता शोधणे हेच एक संशोधन ठरेल. चंडीगडची गोष्ट निराळी. ल कॉर्बुझिये या वास्तुशिल्पज्ञाने १९५१ साली या शहराची आखणी हाती घेतली, तेव्हा शहराचे चौकोनी विभाग पाडले. अशा प्रमाण सेक्टरची लांबी सुमारे १२०० मीटर व रुंदी ८०० मीटर. शेजारच्या मोहालीने सेक्टरांची तीच क्रमवारी पुढे चालविली. सेक्टर ६७ हा मोहालीतलाच. नोकरीच्या निमित्ताने त्या बाजूस राहणाऱ्या मराठी घरातील एखाद्या मुलाने सेक्टर ६७ च्या कडेने १२०० मीटरांची वाट धरली आणि स्वयंपाकघरातील चार जिन्नस बरोबर घेतले, की सारी सूर्यमाला मांडता येते.

या मांडणीत एक मीटर म्हणजे साडेसदतीस लाख किलोमीटर. सूर्य ३७ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे पाण्याच्या माठाएवढा. तो रस्त्याच्या एका टोकास ठेवावा. तेथून १५ मीटरांवर बुध, मोहरीचा बारीकसा दाणा. २९ मीटरांवर शुक्र, ज्वारीचा दाणा. ४० मीटरांवर आणखी एक ज्वारीचा दाणा ठेवावा. सारे समुद्र, सह्याद्री आणि हिमालय, आणि आजवर होऊन गेलेली सगळी माणसे, त्या एका दाण्यात. मंगळ ६१ मीटरांवर, बाजरीएवढा.

पृथ्वीच्या दाण्यापासून अवघ्या दहा सेंटिमीटरांवर खसखशीचा एक कण ठेवला, की तो चंद्र झाला. ही अर्धी वीतदेखील नव्हे. ‘चांद्रयान-३’ १४ जुलै २०२३ रोजी निघाले आणि २३ ऑगस्टला चंद्रावर उतरले. म्हणजे या अर्ध्या विताच्या प्रवासास, पृथ्वीभोवती व चंद्राभोवती घिरट्या घेत, त्यास ४० दिवस लागले. माणूस स्वतः आजवर याच्या फारसा पलीकडे गेलेला नाही. ‘आदित्य-एल१’ हे यान सूर्याकडे गेले असे सर्वत्र म्हटले जाते, आणि त्याचे काम सूर्याचा अभ्यास करणे हेच आहे. परंतु जानेवारी २०२४ मध्ये ते ज्या ठिकाणी स्थिरावले ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरांवर, म्हणजे या रस्त्यावर हातभर अंतरावर आहे. माठ अजून जवळजवळ चाळीस मीटर दूरच. ‘मंगळयाना’ने मात्र खरी मजल मारली. नोव्हेंबर २०१३ मध्ये निघून वळणावळणाच्या मार्गाने बाजरीच्या त्या दाण्यापाशी पोहोचण्यास त्यास साडेदहा महिने लागले.

मंगळ ओलांडल्यावर मुलाची खरी परीक्षा सुरू होते, कारण पुढे बराच वेळ काहीच नाही. सुमारे नव्वद ते एकशेतीस मीटरांच्या पट्ट्यात लघुग्रह विखुरलेले आहेत. पण या प्रमाणात त्यांपैकी बहुतेक डोळ्यांना दिसणारही नाहीत. तरी त्यांना क्षुद्र लेखू नये. अवकाशातून आलेल्या अशाच एका पाषाणाने बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे विवर खोदले आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे आपली ही सारी वाट त्या विवरात आडवी मावेल.

गुरू २०८ मीटरांवर, लिंबाएवढा. शनी ३८२ मीटरांवर, लिंबाहून थोडा लहान. कडी मोजली तर पसारा दुप्पट. सूर्याभोवती एक फेरी घालण्यास शनीला साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणून एका राशीत तो सुमारे अडीच वर्षे दिसतो आणि तीन राशींत साडेसात. साडेसातीचा आकडा येतो तो येथून. आकडा आकाशातला आहे. भीती मात्र माणसाने घातलेली आहे.

प्राचीनांचे आकाश शनीपाशी संपत असे. म्हणजे रस्त्याचा दोनतृतीयांश भाग १७८१ पर्यंत कोणास ठाऊकच नव्हता. त्या वर्षी हर्षल या ज्योतिर्विदाने ७६७ मीटरांवरचा युरेनस शोधला. आपल्या पंचांगांत त्या ग्रहाचे नावच ‘हर्षल’ पडले. नेपच्यून १८४६ साली सापडला, तो बरोबर रस्त्याच्या दुसऱ्या टोकास. हे दोन्ही भिजवलेल्या काबुली चण्याएवढे. जुन्या पिढीने पाठ केलेला प्लूटो २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून वगळून बटुग्रहांत घालण्यात आला.

एवढे झाल्यावर वाटेतले आठही ग्रह परत गोळा करावेत. ते सगळे एका वाटीत मावतात. उरलेला रस्ता रिकामा आहे, आणि पुस्तकातील चित्र लपविते ते हेच.

या रस्त्यावर प्रकाशाचा वेग किती? सेकंदास अवघे आठ सेंटिमीटर, मुंगळ्याच्या चालीचा. माठापासून ज्वारीच्या दाण्यापर्यंत यावयास त्यास आठ मिनिटे वीस सेकंद लागतात, आणि नेपच्यूनपर्यंत चार तासांहून अधिक. मुलगा तेवढीच वाट पाव तासात चालून जातो. १९७७ साली निघालेले ‘व्हॉयेजर-२’ नेपच्यूनपाशी पोहोचले ते १९८९ मध्ये. त्याच साली सुटलेले ‘व्हॉयेजर-१’ आता माठापासून सहा किलोमीटरांहून पुढे गेले आहे.

मग दुसरा माठ कोठे? सूर्यासारखा सर्वांत जवळचा तारा म्हणजे अल्फा सेंटॉरी, मराठीत ‘मित्र’. या प्रमाणात तो सुमारे ११,००० किलोमीटरांवर येतो. पंजाबातील कितीतरी कुटुंबे जेथे जाऊन स्थायिक झाली, त्या कॅनडातील व्हँकूव्हर शहराजवळ. हा तारा मोहालीच्या आकाशात कधीच उगवत नाही, इतका तो दक्षिणेस आहे. सुट्टीत आजोळी कोल्हापुरास आलेल्या मुलाने मेच्या उत्तरार्धात रात्री अकराच्या सुमारास दक्षिण क्षितिजाकडे पाहिले, तर तो तेथे, फार वर नाही, पण चांगला ठळक दिसतो.