ग्राफिक्स कार्ड बदलायचं की नाही? आधी घरीच तपासून पाहा



परीक्षा संपत आल्या की बऱ्याच घरांत एक मागणी सुरू होते. "पप्पा, गेम अडकतोय. ग्राफिक्स कार्ड बदलावं लागेल." चांगलं कार्ड घ्यायचं तर वीस-पंचवीस हजारांचा प्रश्न असतो. आई-वडिलांना त्यातलं फारसं कळत नाही, दुकानदार 'घ्याच' म्हणतो आणि मुलाने सगळं यूट्यूबवर पाहिलेलं असतं. मुलांनी गेम खेळावेत की नाही हा वाद आज बाजूला ठेवूया. पैसे खर्च करून खेळ सुधारणार आहे का, एवढंच पाहूया.

घरात लॅपटॉप असेल तर विषय इथेच संपला. जवळपास सगळ्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, ती बदलता येत नाही. पुढचं सगळं डेस्कटॉपसाठी आहे.

आधी हे कार्ड करतं काय ते समजून घेऊ. साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला की २०,७३,६०० होतात. गेम नीट चालायला असं चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा नव्याने रंगवावं लागतं, म्हणजे सेकंदाला बारा कोटींहून जास्त ठिपके! (पाचवी-सहावीच्या मुलांना हा गुणाकार द्या, शाब्दिक उदाहरणापेक्षा आवडीने करतील.) एकट्या प्रोसेसरला हे झेपत नाही. तो वर्गातल्या शिक्षकासारखा असतो. काय करायचं ते सांगतो, आणि रंगवायचं काम कार्डमधली शेकडो-हजारो छोटी मुलं एकाच वेळी करतात. २०१९ साली आलेल्या जीटीएक्स १६५० कार्डमध्ये अशा ८९६ छोट्या कोअर आहेत, २०२१ च्या आरटीएक्स ३०६० मध्ये ३,५८४.

मग चौपट कोअर म्हणजे चौपट वेग? नाही हो. शिक्षकाने फळ्यावर गणित लिहायलाच वेळ लावला, तर वर्गात आणखी शंभर मुलं आणून बसवल्याने काय होणार? ती रिकामी बसतील. जुन्या प्रोसेसरवर महागडं कार्ड लावलं की नेमकं हेच होतं.

म्हणून खोळंबा कुठे आहे ते आधी शोधायचं. मूल म्हणतं 'लॅग होतोय', पण या एका शब्दात दोन वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. ऑनलाइन खेळताना समोरचा खेळाडू एकदम इथून तिथे उडी मारतो, गोळी उशिरा लागते, पण आपला पडदा मात्र सहज फिरतो, तर दोष इंटरनेटचा आहे. कॉम्प्युटरला वायफायऐवजी लॅन केबल लावून बघा. पन्नास हजारांचं कार्ड घेतलं तरी हा त्रास जाणार नाही. पण पडदाच दचके खात असेल, तर पुढची तपासणी करायची.

विंडोज आणि जी ही दोन बटणं एकत्र दाबली की गेम बार उघडतो. त्यात सेकंदाला किती चित्रं दिसतात (एफपीएस), कार्ड किती टक्के कामात आहे आणि प्रोसेसर किती, हे आकडे असतात. मुलाला वहीत तक्ता आखायला लावा. गेम तोच, जागा तीच, पाच मिनिटं खेळायचं आणि आकडे लिहायचे. मग गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्युशन १९२० × १०८० वरून १२८० × ७२० करायचं आणि परत पाच मिनिटं. दुसरं काहीही बदलायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे आपण विज्ञानाच्या प्रयोगात शिकवतोच.

रिझोल्युशन कमी केल्यावर ठिपके निम्म्याहून कमी होतात, म्हणजे कार्डचं काम हलकं होतं. प्रोसेसरचं काम जवळजवळ तेवढंच राहतं. आता समजा ४० चे ७० एफपीएस झाले, आणि आधी कार्ड सतत ९५ टक्क्यांच्या वर होतं, तर मुलाचं म्हणणं खरं आहे. कार्डच अपुरं पडतंय. पण ४० चे ४२ झाले तर कार्ड बदलून हाती काही लागणार नाही. यात एक गंमत आहे. प्रोसेसरचा आकडा ४० टक्केच दिसला तरी तो मोकळा आहे असं समजू नका. त्याची एखादीच कोअर पूर्ण थकलेली असू शकते, आणि एकूण सरासरीत ते दिसत नाही. म्हणून टक्क्यांपेक्षा रिझोल्युशनचा प्रयोग जास्त खरं सांगतो. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट यांसारखे गेम बहुतेक वेळा प्रोसेसरवरच अडतात.

सातपूरच्या एका कंपनीत काम करणारे एक पालक मुलीच्या अकरावी प्रवेशासाठी ठेवलेल्या पैशातून मुलाला कार्ड घेऊन देणार होते. हा प्रयोग केला तर आकडा जवळपास हललाच नाही. कॅबिनेट उघडून पाहिलं तर रॅमची ८ जीबीची एकच पट्टी. तशीच दुसरी लावली. प्रोसेसरला एकाच वेळी दोन वाटांनी माहिती मिळू लागली आणि दचके बरेच कमी झाले. कार्ड जुनंच आहे.

नाशिकमध्ये मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास जातो, त्यामुळे उष्णतेकडेही बघा. टास्क मॅनेजरमध्ये कार्डचं तापमान दिसतं. बरीच कार्डं ८० अंशांच्या पुढे गेली की आपला वेग आपणच कमी करतात. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर बाहेर काढा, पंख्यांवरची धूळ साफ करा. फुकटचा उपाय आहे.

आणि मॉनिटर? तो ६० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला ६० च चित्रं दाखवणार. मुलाला आधीच ६० च्या वर मिळत असतील तर नव्या कार्डची वाढ त्याला पडद्यावर फारशी दिसणारच नाही.

एवढं करूनही कार्डच कमी पडतंय असं निघालं, तर खुशाल घ्या. फक्त खर्च कार्डवर थांबतो का ते विचारा. जीटीएक्स १६५० ला ७५ वॅट लागतात, ते मदरबोर्डच्या खाचेतूनच मिळू शकतात. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात. त्याला एसएमपीएसमधून वेगळी वायर हवी, आणि एसएमपीएस ५५० वॅटचा असावा असं कंपनीच सांगते. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर भरवसा ठेवू नका. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट झेलतो. कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर मिळून तीनशेच्या वर गेले की लाईट जाताच तो बीप करून बंद पडण्याची भीती असते. वीजबिलाची मात्र फार काळजी नको. रोज तीन तास खेळलं तरी या दोन कार्डांतला फरक महिन्याला साडेआठ युनिटच्या आसपास येतो.

सेकंड हँड कार्ड स्वस्त मिळतं, पण जपून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डं बाजारात आली. तसलं कार्ड हाती लागू शकतं. मूळ बिल आणि शिल्लक वॉरंटी असेल, आणि दुकानात समोर अर्धा-पाऊण तास गेम चालवून दाखवला, तरच विचार करा.

काही जण सकाळच्या पंचवटीने दादरला उतरून, लोकलने ग्रँट रोड गाठून लॅमिंग्टन रोडवरून कार्ड आणतात. भाव थोडा कमी मिळतोही. पण बिघडलं तर परत मुंबईची फेरी. माझं मत विचाराल तर फरक हजार-पाचशेचा असेल तर नाशिकमध्येच घ्या. जीएसटीचं पक्कं बिल मागा, त्यावर कार्डचा सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि वॉरंटी संपेपर्यंत खोका रद्दीत देऊ नका.