गुडघ्याचे गणित

रोह्याला लागूनच वरसे गाव आहे. या बाजूला भाताची लावणी म्हणजे दिवसभर चिखलात ओणवे राहायचे, आणि घरी आल्यावर पुन्हा उकिडवे नाहीतर मांडी घालून बसायचे. अशा ठिकाणी कुणाचा गुडघा मोडला, किंवा पक्षाघाताने पाय अधू झाला, तर “हा माणूस पुन्हा शेतात उतरेल का?” हा प्रश्न साऱ्या घराचा असतो. डॉक्टरांना चाल दिसते. पण आतला कोणता स्नायू किती ओढतो आहे, ते डोळ्यांना कसे दिसणार? ते हिशेबाने काढावे लागते.

पुनर्वसनाचे काम आपल्याकडे जुने आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालचे, आणि मुंबईची हाजी अली येथील अखिल भारतीय संस्था १९५५ सालची. संगणकात माणसाचा सांगाडा चालवून पाहणे मात्र त्यामानाने नवे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या स्कॉट डेल्प यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ‘ओपनसिम’ हे सॉफ्टवेअर सर्वांना खुले केले. त्याला पैसे पडत नाहीत. सोबत तयार मापनेही मिळतात, तेव्हा विज्ञानाच्या शिक्षकांना किंवा फिजिओथेरपी शिकणाऱ्या गावच्या मुलामुलींना प्रयोगशाळेवाचून आरंभ करता येतो.

पहिल्यांदा ‘गेट२३९२’ नावाचा सांगाडा उघडा. नावातच त्याची ओळख आहे: २३ प्रकारच्या हालचाली आणि त्या घडवणारे ९२ स्नायूतंतू. हा गृहस्थ मात्र सुमारे १.८ मीटर उंच आणि ७५ किलो वजनाचा आहे! आपला रोगी पाच फुटी, पन्नास किलोचा असेल, तर आधी सांगाडा त्याच्या मापाचा करून घ्यावा लागतो. शिंप्याने माप न घेता सदरा बेतावा, तसे इथे चालत नाही. मग अंगावर लावलेल्या खुणांवरून सांध्यांचे कोन निघतात. खूण आणि सांगाडा यांत दोन ते चार सेंटिमीटरहून जास्त फरक पडला, तर पुढे जाऊ नये. त्यानंतर जमिनीने पायाला दिलेला रेटा मोजून सांध्यावरचे बळ काढायचे. शाळेत शिकवतो ती तरफच ही.

खरी गंमत यापुढे आहे. चौघांनी मिळून ओंडका उचलला. ओंडक्याचे वजन ठाऊक आहे, पण प्रत्येकाच्या खांद्यावर किती आले? नुसत्या वजनावरून ते सांगता येत नाही. स्नायूंचेही तसेच. म्हणून संगणक एक गोष्ट गृहीत धरतो: शरीर काटकसरी आहे, एकूण श्रम कमीत कमी होतील अशीच वाटणी ते करते. धडधाकट माणसाच्या चालण्याला हे बरेचसे लागू पडते. पण दुखरा गुडघा असलेला माणूस काय करतो? भीतीने पुढचे आणि मागचे दोन्ही स्नायू आवळून धरतो. तिथे काटकसर कुठली? म्हणजे ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्याच्याच बाबतीत हिशेब चुकण्याचा संभव अधिक. यासाठी कातडीवर पट्ट्या चिकटवून स्नायूंतले विद्युत संकेत मोजतात आणि उत्तर त्यांच्याशी ताडून पाहतात. काही रोग्यांच्या कृत्रिम गुडघ्यातच मापनयंत्र बसवून प्रत्यक्ष भार मोजला गेला आहे. साधे चालतानाही तो शरीराच्या वजनाच्या अडीच पटींच्या आसपास भरतो. आपले उत्तर याच्या दहापट आले, तर दोष गुडघ्याचा नव्हे, मांडणीचा, हे ओळखावे.

२०२३ साली त्याच विद्यापीठातून ‘ओपनकॅप’ आले. त्यात दोन आयफोनच्या चित्रणावरून हालचाल मोजता येते. महागड्या कॅमेऱ्यांची गरज उरत नाही. संशोधनासाठी तेही विनामूल्य आहे.

आता पडद्यावर गुडघ्याच्या कोनाची पट्टी सरकवून पाहा. १२० अंशांवर ती थांबते, कारण हा सांगाडा चालण्याच्या अभ्यासासाठी केलेला आहे. उकिडवे बसायला गुडघा त्याहून अधिक वाकतो. २०१७ साली काही संशोधकांनी जास्त वाकणारा सांगाडा दिला, पण त्यांच्यासमोर सायकल चालवणारा आणि धावणारा माणूस होता. लावणी करणाऱ्या बाईचा गुडघा तपासायचा, तर मापने शेताच्या बांधावरच घ्यावी लागतील.