टर्बोची तेल-पाण्याची वाट

पुणे-नाशिक रस्त्यावरील आमच्या पेठ गावी मोटारींचा आवाज कानांत बसलेलाच असतो. थोरल्या भावाने घरच्या जुन्या डिझेल इंजिनावर भंगारातला टर्बो चढविला. पैसा बेताचा, म्हणून नळ्याही भंगारातील गाडीच्या कंपनी-फिटिंगच्याच लावल्या. चार दिवसांत निळा धूर येऊ लागला!

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराने फिरणारे चक्र. त्याच दांड्यावरील दुसरे चक्र इंजिनात जादा हवा कोंबते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो.

तेल आत येते पंपाच्या दाबाने. तेथे बारीक, वळणाची नळी चालते. बाहेर पडते ते मात्र स्वतःच्या वजनाने. म्हणून परतीची नळी रुंद व सतत उताराची हवी, आणि तिचे तोंड चेंबरमधील तेलाच्या पातळीच्या वर हवे. दादाच्या नळीला मध्येच चढ होता. तेल तुंबले, धुराच्या वाटेत झिरपले आणि जळू लागले.

काही टर्बोंना पाणीही लागते. तेथे नियम उलटा. इंजिन बंद होताच पंप थांबतो, पण तापलेले पाणी आपणहून वर चढते. म्हणून ती परतीची नळी सतत चढती हवी. मध्ये उंचवटा असला की हवा अडकते.

नवा टर्बो घ्यावा लागला असता, तर घरचे बियाणे-खताचे पैसे गेले असते. एक नळी बदलली आणि धूर थांबला. पाटाचा उतार जाणणाऱ्या आम्हा शेतकऱ्यांना हे आधीच सुचायला हवे होते. जुनी नळी जरूर वापरावी. तिची वाट मात्र नव्याने आखावी.