चाव्यांचा जुडगा कोणाच्या हाती?

तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील चाव्यांचा जुडगा कोणाकडे असतो, ते आठवून पाहा. भिंगांचे कपाट कोणीही उघडले तरी फारसे बिघडत नाही. पण तीव्र आम्लांच्या कपाटाची चावी वाटेल त्याला मिळत नाही. आता अशी कल्पना करा, की या प्रयोगशाळेत एक अत्यंत आज्ञाधारक गडी नेमला आहे. टेलिफोनवरून 'खोलीचे तपमान किती?' असे विचारले की तो सांगतो आणि 'भट्टी पेटव' म्हटले की पेटवतो. गडी सोयीचा खरा. पण फोन कोणाचा आहे, हे तो पाहतच नसेल तर?

हा गडी केवळ कल्पनेतला नाही. परीक्षेचा निकाल किंवा रेल्वेचे आरक्षण आपण पाहतो, तेव्हा ती माहिती दूरच्या एका संगणकाकडून येते. त्याला 'सर्व्हर' म्हणतात. मोठ्या केंद्रात असे हजारो सर्व्हर मांडण्यांवर रचलेले असतात. बहुतेकांना ना पडदा, ना कळफलक! त्यांची देखभाल करणारा अभियंता दुसऱ्याच शहरात असू शकतो. म्हणून प्रत्येक सर्व्हरवर आणि त्यांना जोडणाऱ्या यंत्रांवर एक छोटा प्रोग्रॅम सतत चालू ठेवतात. हा 'एजंट', म्हणजे प्रतिनिधी. आपल्या यंत्राची स्थिती कळवणे आणि आज्ञा आल्यास तीत बदल करणे, हे त्याचे काम.

अशा एजंटांशी बोलण्याची 'एसएनएमपी' नावाची पद्धत १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रत्येक माहितीला झाडाच्या फांद्यांप्रमाणे फुटत जाणारा पत्ता असतो. १.३.६.१.२.१.१ या फांदीवर यंत्राचे नाव, ठिकाण वगैरे माहिती मिळते. शेवटचा आकडा २ केला, की त्या यंत्राच्या जोडण्यांची फांदी येते. तेथे प्रत्येक जोडणीसाठी एक घर असते. त्यात १ लिहिले की जोडणी चालू, २ लिहिले की बंद. एका आकड्याने केवढा फरक पडतो, पाहा!

पहिल्या आवृत्तीत विचारणाऱ्याची ओळख म्हणजे फक्त एक परवलीचा शब्द होता. अनेक यंत्रांत पाहण्यासाठी 'पब्लिक' आणि बदलण्यासाठी 'प्रायव्हेट' हे शब्द कारखान्यातूनच घातलेले असत आणि पुष्कळ ठिकाणी ते तसेच राहत. शिवाय हा शब्द तारेवरून पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा उघडा जाई.

२००२ मध्ये पूर्ण मानक ठरलेल्या तिसऱ्या आवृत्तीने दोन प्रश्न वेगळे केले. पहिला, 'तू कोण?' याचे उत्तर गुप्त किल्लीने पडताळले जाते. दुसरा, 'तुला परवानगी कशाची?' यासाठी एजंटजवळ एक तक्ता असतो. त्यात माणसांचे गट पाडतात आणि कोणत्या गटाने कोणती फांदी पाहावी व कोणती बदलावी, हे लिहून ठेवतात. समजा, रात्रपाळीचा गट साऱ्या फांद्या पाहू शकतो, पण बदलू काहीच शकत नाही. जोडण्यांचा अभियंता फक्त जोडण्यांची फांदी बदलू शकतो. जे तक्त्यात नाही, त्याला उत्तर एकच: नकार.

तुम्ही विचाराल, 'चोराला अडवणे ठीक. पण आपल्याच विश्वासू अभियंत्याला बंधन कशाला?' कारण चूक विश्वासू माणसाकडूनही होते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या देखभालीत दिलेल्या एका आज्ञेने त्यांच्या संगणक केंद्रांमधील मुख्य जोडण्याच तुटल्या. अशी आज्ञा अडवणारा तपासनीस प्रोग्रॅम होता, परंतु त्यातील दोषामुळे ती सुटली. दुरून दुरुस्ती करावी, तर वाटच बंद! अभियंत्यांना केंद्रांत प्रत्यक्ष जावे लागले. सेवा सुमारे ६ तास बंद होती. तेथील साधने वेगळी होती, पण धडा आपल्या तक्त्यालाही लागू आहे.

जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर या शास्त्रज्ञांनी १९७५ मधील आपल्या लेखात हेच तत्त्व मांडले होते: प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार द्यावा. अपघात झाला, तरी नुकसान तेवढ्यापुरतेच राहते.

शिक्षकांच्या मदतीने एक प्रयोग करा. कागदावर उभ्या रांगेत विद्यार्थी, प्रयोगशाळा साहाय्यक व शिक्षक लिहा आणि आडव्या रांगेत प्रयोगशाळेतील कपाटे व उपकरणे. सर्व घरे प्रथम कोरी ठेवा. मग गरज असेल तेथेच 'पाहणे' किंवा 'वापरणे' लिहा. शेवटी प्रत्येक भरलेल्या घराला विचारा, 'हे खोडले तर कोणाचे काम अडेल का?' अडत नसेल, तर खोडा. किती घरे खोडावी लागली, ते मोजायला विसरू नका.