खुंटातून उठणारं रान

२२ जुलै २०२१ रोजी महाडच्या तळिये आणि पोलादपूरच्या केवनाळे गावांवर दरडी कोसळल्या. एकट्या तळियेत ८० हून अधिक जीव गेले. खोलवरून सुटणारी दरड मुळं थोपवू शकत नाहीत, पण वरचा मातीचा थर धरून ठेवतात. हा थर टिकवायचा तर झाडं लावण्यासाठी तीव्र उतारावर सरसकट खड्डे खणू नयेत. उकरलेली माती पावसात वाहून जाते. त्याऐवजी ऐन, किंजळ या झाडांचे तोडलेले खुंट पाहा, सालीतून फुटवे आलेले दिसतील. जोमदार दोन-तीन राखून बाकीचे छाटावेत. जुनी मुळं जमिनीत तयारच असल्याने राखलेले फुटवे रोपापेक्षा झपाट्याने वाढतात. काही वर्षं चराई थांबवावी. वणवा शिरला तर सगळे फुटवे एका दुपारी जातात. म्हणून पाऊस सरल्यावर वणवा अडवणारी जाळरेषा काढणं हे गावाचं पहिलं काम.