हास्केलची लायब्ररी इन्स्टॉल होत नाही? आधी एरर वाचायला शिकूया

नाशिकहून, गंगापूर रोडवरून बोलतोय. या भागाचा ट्रान्सक्रिप्ट नेहमीपेक्षा जरा सविस्तर लिहिलाय, कारण कमांड नुसत्या कानाने ऐकून टाइप करणं म्हणजे डोक्याला ताप. कमांड मी बोलतो तशाच देवनागरीत दिल्यात. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि सगळ्या स्मॉल लेटर्समध्ये टाइप करायच्या. ‘कबाल’ म्हणजे सी-ए-बी-ए-एल, आणि ‘जीएचसीअप’ म्हणजे जी-एच-सी-यू-पी.

आजचा विषय हास्केल. फंक्शनल प्रोग्रॅमिंगची भाषा, पहिला अधिकृत रिपोर्ट १९९० चा. म्हणजे ही भाषा आपल्यातल्या बहुतेकांपेक्षा वयाने मोठी आहे. आणि आपल्याकडे ती काही परग्रहावरून आलेली नाही. हास्केलची जवळची बहीण म्हणावी अशी ‘गोफर’ नव्वदच्या दशकात पुणे विद्यापीठात शिकवली जायची, आणि शिकवण्याच्या सोयीसाठी तिची ‘पुगोफर’ नावाची बदललेली आवृत्ती तिथे बनवली गेली होती. आज बंगळुरूच्या रिक्षावाल्यांचं ‘नम्मा यात्री’ ॲप घ्या. त्याचा सर्व्हरकडचा कोड हास्केलमध्ये आहे आणि तो गिटहबवर कोणालाही वाचता येतो. एनपीटीईएलवर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद आणि एस. पी. सुरेश यांचा हास्केलचा कोर्सही आहे. शिकायला पैसे लागत नाहीत.

मग मुलं सोडून का देतात? मी जे पाहिलंय त्यावरून सांगतो: मोनॅडमुळे कमी, इन्स्टॉलेशनमुळे जास्त. रविवारी आम्ही पाच-सहा जण इथे लॅपटॉप घेऊन बसतो. त्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा येतो. चार जीबी रॅमचा लॅपटॉप, विंडोजवर डब्ल्यूएसएल, त्यात उबुंटू २२.०४, आणि इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. रोजचा दीड जीबी डेटा संपेपर्यंत तो एकच लायब्ररी पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत होता. चौथ्या दिवशी म्हणाला, “दादा, ही भाषा आपल्यासारख्यांसाठी नाहीये बहुतेक.” भाषा त्याला व्यवस्थित कळत होती. फोल्ड, मॅप, रिकर्शन, सगळं. अडलं होतं ते पॅकेजच्या भांडणात. म्हणून हा भाग.

मुहूर्ताचं भांडण

आधी मूळ कारण समजून घेऊ. लग्न ठरलंय, हॉल एकच आहे. मुलाकडचे म्हणतात, मुहूर्त बारानंतरचाच हवा, आमची बस लांबून येतेय. मुलीकडचे म्हणतात, साडेअकराच्या आत उरका. गुरुजींनी पंचांग कितीही उलटंपालटं केलं तरी दोघांना चालेल अशी वेळ निघणारच नाही. यात गुरुजींची चूक नाही आणि पंचांगाचीही नाही.

कबालच्या आत एक सॉल्व्हर असतो, तो म्हणजे हे गुरुजी. प्रत्येक लायब्ररी सांगते की मला अमुक लायब्ररीची या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंतची आवृत्ती चालेल. सॉल्व्हर सगळ्यांना पटेल असा एक संच शोधतो. नाही मिळाला की “कुड नॉट रिझॉल्व्ह डिपेंडन्सीज” असा एरर येतो.

पूर्वी परिस्थिती याहून वाईट होती. सगळ्या लायब्ररी एकाच सामायिक जागी बसायच्या. नवीन काही टाकायला गेलात की कबाल जुनी लायब्ररी पुन्हा बांधायचा, आणि तिच्यावर उभी असलेली बाकीची मंडळी मोडायची. या प्रकाराला लोक सरळ ‘कबाल हेल’ म्हणायचे. मग २०१५ साली स्टॅक हे टूल आलं. एकमेकांशी जुळतात हे तपासलेल्या आवृत्त्यांची तयार यादी ते वापरतं, त्या यादीचं नाव स्टॅकेज. कबालनेही मार्ग बदलला. प्रत्येक लायब्ररीची प्रत्येक बांधणी वेगळ्या ओळख-क्रमांकाने वेगळ्या जागी ठेवायची, म्हणजे कोणी कोणाच्या पायावर पाय देणार नाही. २०१९ मध्ये कबाल ३.० पासून हीच पद्धत डीफॉल्ट झाली.

इथेच एक मोठी गोची आहे. नेटवर मिळणारी बरीच उत्तरं २०१९ च्या आधीची आहेत. ‘सँडबॉक्स बनवा’ किंवा ‘सगळं अनरजिस्टर करा’ असं कुठे वाचलंत तर आधी त्या उत्तराची तारीख बघा.

एरर पहिला: “रिजेक्टिंग: बेस”

त्या मुलाचा हाच प्रॉब्लेम होता. त्याने जीएचसी, म्हणजे हास्केलचा कंपायलर, उबुंटूच्या ॲप्टमधून घेतला होता. उबुंटू २२.०४ मध्ये ॲप्ट जीएचसी ८.८.४ देतं. आता एक गोष्ट लक्षात ठेवा: ‘बेस’ नावाची मूळ लायब्ररी कंपायलरला चिकटलेली असते. ती वेगळी अपग्रेड करायची नसते. जीएचसी ८.८ बरोबर बेस ४.१३ येते, ८.१० बरोबर ४.१४, ९.४ बरोबर ४.१७, ९.६ बरोबर ४.१८, ९.८ बरोबर ४.१९. त्याला हवी असलेली लायब्ररी मागत होती ४.१४ किंवा पुढची. त्याच्याकडे होती ४.१३. मग चार दिवस काय, चार महिने तीच कमांड मारली असती तरी उत्तर तेच आलं असतं.

एरर वाचायची पद्धत अशी. चौकटी कंसातल्या शून्य आकड्याच्या ओळीपासून सुरुवात करा. ‘ट्रायिंग’ म्हणजे सॉल्व्हर काय धरून चाललाय. ‘नेक्स्ट गोल’ म्हणजे आता कोणाची आवृत्ती ठरवायची आहे. ‘रिजेक्टिंग’ म्हणजे कोणती आवृत्ती नाकारली, आणि त्याच ओळीत कंसात ‘कॉन्फ्लिक्ट’ लिहून कारण दिलेलं असतं. त्या कंसातलं वाक्य हाच सगळ्या एररचा जीव आहे. शेवटी सॉल्व्हर स्वतःच सांगतो की कोणत्या नावांनी त्याला सगळ्यात जास्त दमवलं. त्या यादीत ‘बेस’ दिसलं तर संशय कंपायलरच्या आवृत्तीवर घ्या.

उपाय: जीएचसीअप. ॲप्टचा कंपायलर बाजूला ठेवा आणि जीएचसीअपच्या अधिकृत साइटवरून ते इन्स्टॉल करा. मग ‘जीएचसीअप टीयूआय’ ही कमांड मारा. यादी उघडेल, त्यात ‘रेकमेंडेड’ असा शिक्का असलेली आवृत्ती निवडा. सगळ्यात नवीन आवृत्तीचा मोह टाळा, कारण लायब्ररी लिहिणाऱ्यांना नव्या कंपायलरशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. नंतर ‘जीएचसी दोन डॅश व्हर्जन’ मारून खात्री करा. अजून जुनाच आकडा दिसला तर टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा, पाथ तेव्हा बदलतो.

एरर दुसरा: “हिडन पॅकेज”

हा नवख्यांना फार चक्रावतो. जीएचसीआयमध्ये डेटा डॉट मॅप छान चालतं, आणि तोच कोड प्रोजेक्टमध्ये टाकला की “कुड नॉट लोड मॉड्यूल” येतं. खाली लिहिलेलं असतं की हे मॉड्यूल ‘कंटेनर्स’ नावाच्या हिडन पॅकेजमध्ये आहे.

म्हणजे लायब्ररी तुमच्याकडे आहे, ती कंपायलरबरोबरच आली आहे. पण प्रोजेक्टच्या नियमाप्रमाणे, जे नाव तुम्ही लिहून दिलेलं नाही ते वापरता येणार नाही. घरात माणूस आहे, पण पंगतीच्या यादीत नाव नाही. प्रोजेक्टच्या डॉट-कबाल फाइलमध्ये ‘बिल्ड-डिपेंड्स’ अशी ओळ असते. तिथे स्वल्पविराम देऊन ‘कंटेनर्स’ लिहा, पुन्हा ‘कबाल बिल्ड’ करा, संपलं. नवीन काही इन्स्टॉल करायची गरज नाही.

एरर तिसरा: ‘इन्स्टॉल लिब’चा गुंता

पायथनची सवय असलेले आपण काय करतो? पिप इन्स्टॉल. त्याच सवयीने इथे ‘कबाल इन्स्टॉल दोन डॅश लिब’ मारतो. सुरुवातीला चालतंही. पण ही कमांड एका सामायिक फाइलमध्ये आवृत्त्या नोंदवून ठेवते. चार-पाच लायब्ररी झाल्या की त्या नोंदी एकमेकींशी भांडायला लागतात, आणि मग सहावी काही केल्या जात नाही.

लिनक्सवर होम फोल्डरमध्ये डॉट-जीएचसी नावाचा फोल्डर बघा. त्यात कंपायलरच्या आवृत्तीचा फोल्डर, त्यात ‘एन्व्हायर्नमेंट्स’, आणि आत ‘डिफॉल्ट’ नावाची फाइल. ती फाइल उडवली की गुंता सुटतो. घाबरू नका, बांधलेल्या लायब्ररी वेगळ्या जागी सुरक्षित असतात, इथे फक्त नोंद असते.

आणि पुढे सवय बदला. प्रत्येक कामासाठी वेगळा फोल्डर, त्यात ‘कबाल इनिट’, आणि लायब्ररीची नावं बिल्ड-डिपेंड्समध्ये. नुसतं पाच मिनिटं काही करून बघायचं असेल तर ‘कबाल रेपल दोन डॅश बिल्ड-डिपेंड्स’ आणि पुढे लायब्ररीचं नाव. ती लायब्ररी घेऊन जीएचसीआय उघडतं आणि मागे कुठली नोंद ठेवत नाही.

एरर चौथा: हास्केलचा नसलेला एरर

“मिसिंग सी लायब्ररी” किंवा “कॅनॉट फाइंड डॅश एल जीएमपी” असं दिसलं तर हास्केलला शिव्या देऊ नका. कित्येक हास्केल लायब्ररी आतून सी भाषेतल्या लायब्ररीला हाक मारतात, आणि ती तुमच्या उबुंटूवर नसते. एररमध्ये नाव दिलेलं असतं. जीएमपी असेल तर ॲप्टमधून लिब-जीएमपी-डेव्ह घ्या. टीइन्फो असेल तर लिब-एनकर्सेस-डेव्ह, पोस्टग्रेसचं ‘पीक्यू’ असेल तर लिब-पीक्यू-डेव्ह. शेवटचं ‘डेव्ह’ विसरायचं नाही, कारण बांधकामाला लागणाऱ्या हेडर फाइल्स त्यातच असतात. आणि सुरुवातीलाच ‘बिल्ड-इसेन्शियल’ टाकून ठेवा.

एरर पाचवा: काहीच न सांगता मेला

बांधणी चालू आहे, पंखा विमानासारखा ओरडतोय, आणि अचानक ‘किल्ड’ किंवा एक्झिट कोड उणे नऊ. कोडमध्ये काही चुकलेलं नाही. मेमरी संपली आणि ऑपरेटिंग सिस्टिमने कंपायलरचा गळा दाबला. डब्ल्यूएसएल तुमच्या रॅमपैकी साधारण अर्धीच वापरतं, म्हणजे चार जीबीच्या लॅपटॉपवर जीएचसीच्या वाट्याला दोनच्या आसपास येते. ‘कबाल बिल्ड डॅश जे १’ असं चालवा, म्हणजे एका वेळी एकच पॅकेज बांधलं जाईल. वेळ जास्त लागेल, पण पूर्ण होईल. ब्राउझर बंद ठेवा. डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये स्वॅप वाढवता येतं, तेही करा. आणि प्रोजेक्ट विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवू नका, लिनक्सच्या होममध्ये ठेवा. तिथे कितीतरी पटीने वेगात चालतं.

हॉटस्पॉटवाल्यांसाठी

‘कबाल अपडेट’ पहिल्यांदा जड असतं, कारण हॅकेजवरच्या सगळ्या पॅकेजची यादी उतरते. नंतर फक्त बदल येतात. कॉलेजच्या वायफायवर असताना अपडेट आणि ‘कबाल बिल्ड दोन डॅश ओन्ली-डाउनलोड’ करून घ्या, आणि बांधणी घरी निवांत करा. सगळं एकदा चाललं की ‘कबाल फ्रीझ’ मारा. कोणती आवृत्ती चालली हे एका फाइलमध्ये पक्कं होतं. ती फाइल मित्राला दिलीत तर त्यालाही सॉल्व्हर त्याच आवृत्त्या देतो. जुने कंपायलर जागा खात असतील तर ‘जीएचसीअप जीसी’ने साफसफाई होते, फक्त काय काढायचं ते पर्याय वाचून सांगा.

आणि एक इशारा. नेटवर तुम्हाला ‘अलाउ-न्यूअर’ हा रामबाण म्हणून सांगतील. म्हणजे मुलीकडच्यांना न विचारता मुहूर्त बारा दहाचा लावून टाकायचा. कधी कधी ते काही बोलत नाहीत, लग्न लागतं. कधी कधी भर मांडवात तमाशा होतो, म्हणजे कंपाइल होताना टाइप एरर कोसळतात. लायब्ररीवाल्याने मर्यादा केवळ सावधगिरी म्हणून घातली असेल तर हा उपाय चालतो. पण आधी कॉन्फ्लिक्टची ओळ वाचा, आणि फक्त त्या एका लायब्ररीपुरताच वापरा.

मदत मागताना

मदत मागताना चार गोष्टी द्या: ऑपरेटिंग सिस्टिम, जीएचसीची आवृत्ती, कबालची आवृत्ती, आणि पहिला एरर. शेवटचा नव्हे, पहिला. शेवटचा बहुतेक वेळा “अमुक बांधता आलं नाही” एवढंच सांगतो, खरं कारण वर स्क्रोल केल्यावर सापडतं. आणि स्क्रीनचा फोटो नको, मजकूर कॉपी करून पाठवा.

त्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला काय लागलं? जीएचसीअपचा कंपायलर, एक डेव्ह पॅकेज आणि डॅश जे १. साधारण दोन तास, त्यात निम्मा वेळ डाउनलोडचा. आता तो स्वतःच्या मेसच्या हिशोबाचा प्रोग्रॅम हास्केलमध्ये लिहितोय. हे मुद्दाम सांगतोय, कारण मोठ्या कंपनीत असा एरर आला की बाजूच्या खुर्चीवरचा सीनिअर पाच मिनिटांत सांगतो. आपल्याकडे ती बाजूची खुर्ची रिकामी असते, आणि मग दोष आपण स्वतःच्या डोक्याला देतो. इन्स्टॉल न होणं ही तुमच्या बुद्धीची परीक्षा नाही. तो आवृत्त्यांचा हिशोब आहे, आणि हिशोब जुळवता येतो.

तुमचा एरर या पाचांत बसत नसेल तर वरच्या चार गोष्टींसकट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. आणि ज्या मित्राने हास्केल अर्ध्यावर सोडलंय, त्याला हा भाग नक्की फॉरवर्ड करा. भेटूया!