आधी आसन, मग इंजिन

मागच्या चाकांच्याही मागे बसलेला चालक, त्याच्या दोन पायांच्या मध्ये डिफरन्शियल, समोर उघडं इंजिन आणि त्याच्याही पुढे, पार टोकाला दोन बारीक चाकं. पाव मैलाच्या सरळ शर्यतीसाठी अमेरिकेत घडलेल्या या गाडीला फ्रंट-इंजिन ड्रॅगस्टर म्हणतात. जुनी मंडळी तिला ‘स्लिंगशॉट’ म्हणत, कारण बेचकीच्या रबरात दगड धरावा तसा चालक अगदी मागच्या टोकाला असतो. दारं नाहीत, छप्पर नाही, मागच्या ॲक्सलला स्प्रिंग नाहीत, पुढच्या चाकांना बहुधा ब्रेकही नाहीत. काम एकच. उभ्या जागेवरून सुटायचं आणि १,३२० फूट, म्हणजे ४०२ मीटर, शक्य तितक्या लवकर पार करायचे.

ही गाडी कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आराखड्यातून आलेली नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक आणि एल मिराज या कोरड्या तळ्यांच्या सपाट तळांवर तरुण मंडळी जुन्या फोर्ड गाड्यांचे पत्रे उतरवून त्या पळवत असत. जुलै १९५० मध्ये सांता ॲना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून ड्रॅग शर्यती सुरू झाल्या. तिथेच डिक क्राफ्टनं ‘द बग’ आणली. मॉडेल टी फोर्डची चौकट, तिच्यावर इंजिन, एक आसन आणि जवळजवळ दुसरं काहीच नाही. १९५१ मध्ये वॉली पार्क्सनं नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, स्थापन केली. १९५४ च्या सुमारास मिकी थॉम्पसननं चालकालाच मागच्या ॲक्सलच्या पलीकडे नेऊन बसवलं. जमिनीला ढकलणारी चाकं मागची, तेव्हा वजनही मागेच हवं, इतका सरळ तो विचार होता. दशक संपता संपता स्कॉटी फेनची ‘चॅसी रिसर्च’ आणि कार्ल्सबादची ‘ड्रॅगमास्टर’ तयार चौकटी विकू लागल्या होत्या. नोकरी सांभाळून रात्री घरच्या गॅरेजमध्ये राबणाऱ्या माणसाच्या आवाक्यात हे यंत्र आलं ते असं.

या जगात राज्य मात्र आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाचं. सहा सिलिंडरचं सरळ इंजिन टॅक्सीचं, पिकअप ट्रकचं, काटकसरी कुटुंबाच्या गाडीचं मानलं जाई. तरीही घरी पहिला ड्रॅगस्टर बांधणाऱ्यानं सहा सिलिंडरच घ्यावेत असं मला ठामपणे वाटतं, आणि त्याचं कारण केवळ स्वस्ताई नाही.

एका रांगेतल्या सहा सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनांच्या वरखाली धावण्यातून निर्माण होणारे प्राथमिक आणि दुय्यम दोन्ही प्रकारचे धक्के एकमेकांना रद्द करतात. वेगळे तोलदंड न लावता हे इंजिन शांत फिरतं. शेवरोलेनं १९६२ पासून जी सहा सिलिंडरची मालिका आणली तिच्यात क्रँकशाफ्टला सात मुख्य बेअरिंग आहेत. प्रत्येक पिस्टनच्या दोन्ही बाजूंना आधार. या मालिकेतलं २५० घनइंचाचं, म्हणजे ४.१ लिटरचं इंजिन आपल्या कामाला उत्तम. २९२ घनइंचाचं भावंड ताकदीला वरचढ आहे, पण त्याचा ब्लॉक उंच आहे, आणि जिथे चालकाला इंजिनाच्या वरून किंवा बाजूनं रस्ता पाहायचा असतो तिथे उंची ही लहानसहान बाब नाही. फोर्डचं ३०० घनइंचाचं इंजिनही विचारात घेण्याजोगं. त्यात कॅमशाफ्ट साखळीऐवजी गिअरवर फिरतो आणि सहाही सिलिंडरना हवा घेण्याची व धूर टाकण्याची तोंडं स्वतंत्र आहेत. तरी माझा कौल शेवरोलेला, कारण त्याच्या ब्लॉकच्या मागच्या बोल्टांची मांडणी त्याच कंपनीच्या लहान व्ही-८ सारखीच आहे. त्यामुळे ड्रॅग शर्यतीत अनेक वर्षं कसाला लागलेला पॉवरग्लाइड गिअरबॉक्स त्याला सरळ बसतो.

दोषही सांगितले पाहिजेत. शेवरोलेच्या या इंजिनात दोन-दोन सिलिंडर मिळून एकाच तोंडातून हवा घेतात, आणि त्या वाटेतच सिलिंडर हेडच्या बोल्टाचा उंचवटा उभा असतो. इंजिन बांधणारे तो उंचवटा कापून काढतात आणि हवेच्या मार्गाच्या तळाशी घडवलेला एक उंचवटा नव्यानं बसवतात, म्हणजे हवा वळणावर न फुटता झडपेकडे जाते. याला ‘लंप पोर्ट’ म्हणतात. सहा सिलिंडरमधून ताकद काढण्याच्या कामात इतकं फळ देणारं दुसरं काम क्वचितच असेल. दुसरा दोष लांबीचा. लांब क्रँकशाफ्ट फिरताना पिळवटतो, म्हणून त्याच्या पुढच्या टोकाचा डॅम्पर नवा आणि चांगल्या प्रतीचा हवा. जुना, रबर सुकलेला डॅम्पर लावून पैसे वाचवणं म्हणजे क्रँकशाफ्ट पणाला लावणं. शिवाय लांब इंजिनाचं वजन मागच्या चाकांपासून पुढे सरकतं. त्यावरचा उपाय चौकटीच्या आखणीत आहे.

पण आधी हिशेब. ड्रॅग शर्यतीत एक अनुभवसिद्ध सूत्र वापरतात. चालकासह गाडीचं पौंडांतलं वजन अश्वशक्तीनं भागा, त्याचं घनमूळ काढा, त्याला ५.८२५ नं गुणा. पाव मैलाला लागणारे सेकंद जवळपास तितके येतात. २५० घनइंचाच्या या इंजिनाची मूळ जाहीर ताकद १५५ अश्वशक्ती. वाढवलेलं कॉम्प्रेशन, योग्य कॅमशाफ्ट, लंप पोर्ट आणि तीन कार्ब्युरेटर यांच्या जोरावर २५० अश्वशक्तीचा बेत अवास्तव नाही. चालकासह गाडी १,५०० पौंडांची, म्हणजे ६८० किलोची धरली तर सूत्र १०.६ सेकंद सांगतं आणि शेवटचा वेग तासाला सुमारे २०७ किलोमीटर. हेच इंजिन दुप्पट वजनाच्या रस्त्यावरच्या गाडीत घातलं तर १३.३ सेकंद लागतील.

आता त्याच गाडीतून ५० किलो कमी करा. वेळ १०.३ वर येते. तेवढाच फायदा इंजिनातून मिळवायचा तर २० अश्वशक्ती वाढवावी लागेल, आणि २५० च्या पुढची प्रत्येक अश्वशक्ती आधीच्यापेक्षा महाग पडते, वर इंजिनाचं आयुष्य खाते. घनमूळ असल्यामुळे ताकद दुप्पट केली तरी वेळ जेमतेम पाचव्या हिश्शानं घटते. कमी ताकदीचं इंजिन घेणाऱ्यानं म्हणूनच वजनकाट्याशी मैत्री करावी. प्रत्येक कोन, प्रत्येक पट्टी, प्रत्येक बोल्ट ‘हा इथे कशाला?’ या प्रश्नातून जायला हवा. सहा सिलिंडर निवडण्याचं माझ्या लेखी सर्वांत मोठं कारण हेच, की ते बांधणाऱ्याला ही शिस्त लावतात. मोठ्या व्ही-८ च्या ताकदीत आखणीतल्या चुका झाकल्या जातात.

आता चौकट. नवखा माणूस इंजिन मध्ये ठेवतो आणि उरलेल्या जागेत चालकाला बसवायला बघतो. क्रम नेमका उलटा हवा. गॅरेजच्या फरशीवर खडूनं मागच्या ॲक्सलची रेघ मारावी, तिच्यामागे आसन ठेवावं आणि ज्याला गाडी चालवायची आहे त्यानं हेल्मेट, जाड अग्निरोधक पोशाख आणि बूट घालून तिथे बसावं. गुडघे किती वाकतात, टाचा कुठे टेकतात, डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंना नडग्यांना किती जागा उरते, हे तेव्हाच कळतं. डोक्यामागची कमान हेल्मेटच्या किमान तीन इंच वर असायला हवी, म्हणजे गाडीची मागची उंची चालकाच्या बैठकीवर ठरते. मग ॲक्सल, मग गिअरबॉक्स, आणि सगळ्यात शेवटी इंजिन, जमेल तितकं मागे ओढून. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांच्यात लांब प्रॉपेलर शाफ्टऐवजी आखूड कपलिंग घातलं की लांब इंजिनाचं पुढे गेलेलं वजन बरंचसं मागे येतं. पुढची चाकं किती लांब न्यायची हे त्यानंतर ठरवावं. दीडशे इंच, म्हणजे सुमारे ३.८ मीटरचं अंतर ठेवलं तर गाडी सरळही धावते आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची दिसतेही.

शेवरोलेच्या बाबतीत एक बारकावा आधीच कागदावर हवा. या इंजिनाची हवेची आणि धुराची दोन्ही तोंडं डाव्या बाजूला आहेत. स्टिअरिंगचा लांब दांडाही सवयीनं डावीकडूनच पुढे नेला जातो. तापलेल्या नळ्यांच्या गर्दीतून तो नेण्यापेक्षा स्टिअरिंग बॉक्सची जागाच सुरुवातीला विचारपूर्वक ठरवलेली बरी. वेल्डिंग झाल्यावर ही गोष्ट लक्षात आली तर अर्धी चौकट कापावी लागते.

नळ्या साध्या पोलादाच्या घ्याव्यात की क्रोम-मॉलीच्या? क्रोम-मॉली मजबूत, त्यामुळे नळीची भिंत पातळ चालते आणि वजन वाचतं, पण एनएचआरएच्या नियमानुसार ती टिग पद्धतीनंच जोडावी लागते. साध्या पोलादाला मिग वेल्डिंग चालतं, पण भिंत जाड लागते. ज्याचा हात टिगवर बसलेला नाही त्यानं चौकटीचे भाग नुसते टाके मारून उभे करावेत आणि पक्कं वेल्डिंग जाणत्या वेल्डरकडून करून घ्यावं. यात कमीपणा नाही.

गिअरबॉक्स म्हणून पॉवरग्लाइड, शक्यतो १९६२ नंतरचा ॲल्युमिनियमच्या कवचाचा. गिअर दोनच, म्हणजे संपूर्ण धावेत एकदाच बदल, आणि दर वेळी तोच परिणाम. मागे फोर्डचा नऊ इंची डिफरन्शियल. त्याचा दातेरी चाकांचा संच पुढून अख्खा बाहेर निघतो, त्यामुळे गिअरचं प्रमाण बदलणं सोपं. ३० इंच व्यासाचे टायर, तासाला १२९ मैलांचा शेवटचा वेग आणि ३.७० चं प्रमाण धरलं तर इंजिन मिनिटाला सुमारे ५,३५० फेऱ्यांवर येतं. गिअरबॉक्सच्या टॉर्क कन्व्हर्टरची थोडी घसरण मिळवली की ५,६०० च्या आसपास. या इंजिनाला तेवढं झेपतं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या आखणीतला धोका याच जागी आहे. ८ मार्च १९७० रोजी लाँग बीचजवळच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर नामवंत ड्रॅग चालक डॉन गार्लिट्सच्या गाडीचा दोन गिअरचा गिअरबॉक्स सुटतानाच फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा काही भाग तुटला. रुग्णालयातून बाहेर पडल्यावर त्यानं इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी बांधली आणि १९७१ ची पोमोनाची विंटरनॅशनल्स जिंकली. पाहता पाहता सर्वांत वेगवान वर्गातून फ्रंट-इंजिन ड्रॅगस्टर हद्दपार झाले. गार्लिट्सच्या गाडीची ताकद आपल्या बेताच्या कितीतरी पट होती हे खरं, पण मांडणी तीच आहे. फिरणारं प्रत्येक जड चाक चालकाच्या पायांच्या पातळीवर, आणि उडणारं गरम तेल थेट त्याच्या तोंडावर. म्हणून गिअरबॉक्स, त्याला इंजिनाशी जोडणारी फ्लेक्सप्लेट आणि कपलिंग यांच्याभोवतीची प्रमाणित पोलादी कवचं अंदाजपत्रकात सर्वांत वर लिहावीत, कार्ब्युरेटरच्याही वर. पैसे कमी पडले तर इंजिन एक वर्ष मूळ अवस्थेत चालवावं. कवचांवर काटकसर करू नये.

इंधनाचं थोडक्यात. मिथेनॉल इंजिन थंड ठेवतं, पण ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक लागतं आणि त्याची ज्वाला दिवसा दिसत नाही. पहिल्या गाडीला पेट्रोलच बरं. रेडिएटर नसला तरी चालतं. धाव दहा सेकंदांची असते, तेवढ्यापुरतं ब्लॉकमधलं पाणी पुरतं.

साडेदहा सेकंदांच्या गाडीनं जिंकायचं कसं, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर ब्रॅकेट शर्यतीत आहे. आपली गाडी किती सेकंद घेईल हे चालक आधी जाहीर करतो. मंद गाडीला तेवढ्या फरकानं आधी हिरवा दिवा मिळतो. जाहीर वेळेपेक्षा जलद धावणारा बाद होतो. इथे दर वेळी तीच वेळ देणारी गाडी जिंकते, आणि शांत इंजिन, एकच गिअरबदल, हलकी चौकट हे सगळं त्या सातत्याच्याच बाजूचं. दुसरी गोष्ट, एनएचआरएकडे दहा सेकंदांच्या आत जाणाऱ्या अशा गाडीला चौकटीची तपासणी आणि चालकाला परवाना लागतो. आपला बेत त्या रेषेच्या अलीकडचा आहे. तरीही चौकट ती रेषा ओलांडणार असल्यासारखीच बांधावी.

पाव मैलाच्या शर्यती आपल्याकडेही झाल्या आहेत, लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर. तिथे धावल्या त्या मुख्यतः रस्त्यावरच्या सुधारलेल्या गाड्या आणि मोटारसायकली. नळ्यांची चौकट घरी वाकवून बांधलेलं असलं यंत्र पाहायचं तर अजून कॅलिफोर्नियाच गाठावं लागतं. बेकर्सफील्डजवळच्या फमोसोच्या धावपट्टीवर १९५९ साली सुरू झालेली मार्च मीट आज जुन्या पद्धतीच्या गाड्यांची शर्यत म्हणून ओळखली जाते, आणि फ्रंट-इंजिन ड्रॅगस्टर तिथे अजून धावतात. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांनी, विशेषतः ज्यांच्या हाताला पान्याची सवय आहे त्यांनी, एकदा तिथे जावं. धावपट्टीच्या कठड्यापेक्षा गाड्या उघडून ठेवलेल्या असतात तिथे जास्त वेळ थांबावं. मोजपट्टी सोबत न्यावी, आणि मालकाची परवानगी घेऊन आसनापासून ॲक्सलपर्यंतचं अंतर आधी मोजावं.